कापूस, कीड आणि आपली जबाबदारी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत माझ्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याला बोलण्यास पाचारण करावे, हा विश्वस्तांचा मोठेपणा आहे. माझ्यापूर्वी या व्यासपीठावरून अनेक विद्वान बोलून गेले. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. पुढचे सारे शिक्षण दुकानाच्या गादीवर आणि वहीखात्याच्या पानांवर झाले. अध्यक्ष महोदयांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "कापसावर पडणाऱ्या किडीविषयी बोलेन." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काका, धर्माच्या व्यासपीठावर किडीचे काय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मला जमेल तसे आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्या गावाची बाजारपेठ कापसावर उभी आहे. आपल्यापैकी कोणाची जिनिंग आहे, कोणाची सरकीची तेलगिरणी, कोणाची अडत, कोणाचे कृषी केंद्र, तर कोणाचे माझ्यासारखे कापडाचे दुकान. दिवाळीला शेतकऱ्याच्या हाती कापसाचे पैसे आले की आपल्या सर्वांच्या गल्ल्यात पैसे येतात. या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत ज्या देणग्या आल्या, त्यांचा धागा उकलत गेलो तर तो शेवटी कोणत्या तरी शिवारातल्या पऱ्हाटीपर्यंत जाऊन पोहोचतो.

आता एका योगायोगाकडे आपले लक्ष वेधतो. जूनच्या मध्यावर पेरलेला कापूस ऑगस्टमध्ये पात्या-फुलांवर येतो. कीड त्याच वेळी वाढते आणि फवारणीचा जोरही ऑगस्ट ते ऑक्टोबर याच काळात असतो. आपले पर्युषण भाद्रपदात येते, म्हणजे नेमके त्याच काळात. आपण पाणी गाळून, उकळून पितो, हिरवी भाजी वर्ज्य करतो, चालताना पायाखाली पाहतो. आणि त्याच आठवड्यांत गावाबाहेरच्या शिवारात वर्षातली सर्वाधिक जीवहानी चाललेली असते. ज्या पिकावर ती होते, त्याच पिकाचे वस्त्र आपल्या अंगावर असते. ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली, आणि आली तीही शास्त्रवाचनातून नव्हे, हिशेबातून.

दोन वह्या

मी १९८१ मध्ये पदवी घेऊन वडिलांच्या गादीवर बसलो. चार वर्षांनी माझ्या धाकट्या बंधूंनी शेजारच्या गाळ्यात कृषी केंद्र काढले. बियाणे, खते आणि कीटकनाशके. कॉमर्स शिकलेला म्हणून दोन्ही दुकानांचे खाते मीच लिहीत असे. गिऱ्हाईक बहुतेक तेच. एकाच शेतकऱ्याचे नाव कापडाच्या वहीत आणि औषधाच्या वहीत, दोन्हीकडे. आपल्या बोलीत कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. विषाला औषध म्हणण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे की त्यात काही विसंगत आहे असे कोणाला वाटतही नाही.

सुरुवातीच्या वर्षांत एका हंगामात एका शेतकऱ्याच्या नावे औषधाच्या तीन-चार नोंदी असत. पुढे त्या सहा झाल्या, आठ झाल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दहा-बारा नोंदींचे खातेही नवलाचे राहिले नाही. औषधाची उधारी वाढत गेली, तसतशी कापडाच्या वहीतली खरेदी आटत गेली. आधी बायकोचे लुगडे गेले, मग स्वतःचे धोतर, शेवटी राहिले ते मुलांच्या शाळेचे कापड. दोन्ही वह्या माझ्याच हातात होत्या. मला दिसत होते. परंतु एका खिशातले दुसऱ्या खिशात जात असल्याने मी बोललो नाही. या व्यासपीठावरून आज तेवढे कबूल केले पाहिजे.

औषध का चालेनासे झाले?

पुढे मी याविषयी वाचू लागलो, कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यांना जाऊ लागलो. तेथे जे समजले ते थोडक्यात सांगतो.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतातील जवळजवळ सर्व कापूस देशी जातींचा होता. धागा आखूड, उत्पन्न बेताचे, पण मावा-तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींना तो सहजासहजी दाद देत नसे. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. धागा लांब झाला, उत्पन्न वाढले, गिरण्यांना हवा तसा माल मिळू लागला. आपण कापडवाल्यांनी त्याचे स्वागतच केले. परंतु हे वाण किडींना अधिक बळी पडणारे होते, म्हणून त्यांच्या मागोमाग फवारणी आली.

१९८० च्या सुमारास सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे बाजारात आली. पहिली काही वर्षे त्यांनी चमत्कार केला. परंतु प्रत्येक फवारणीत लाखो अळ्यांमधून ज्या मूठभर अळ्या उपजतच त्या विषाला सहन करणाऱ्या असतात, त्या वाचतात. पुढची पिढी त्यांचीच. १९८७ मध्ये आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत अमेरिकन बोंडअळीने, म्हणजे आपल्या हिरव्या बोंडअळीने, कापूस उद्ध्वस्त केला आणि औषध मारूनही अळी मेली नाही. विषाने दुसरे नुकसान त्याहून मोठे केले. पिकावर अळीची अंडी खाणारा क्रायसोपा, मावा फस्त करणारा ढालकिडा, कोळी, परोपजीवी गांधीलमाश्या हे मित्रकीटक असतात. पिकाचे हे राखणदार विषाने आधी मरतात, कारण ते पानांवर उघडे फिरत असतात. अळी बोंडात दडून बसलेली असते. राखणदार गेले की किडीला रान मोकळे मिळते.

देशातील लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे पाच टक्के क्षेत्र कापसाचे. परंतु शतकाच्या अखेरीस देशातील जवळजवळ निम्मी कीटकनाशके या एका पिकावर पडत होती. ज्या वस्त्राला आपण शुद्ध सुती, सात्त्विक म्हणून विकतो, त्याची ही पूर्वपीठिका आहे.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचे जनुक कापसात घातल्याने बोंडअळीला घातक असे प्रथिन झाडातच तयार होऊ लागले. २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या खरोखर घटल्या, उत्पन्न वाढले. माझ्या वहीतही ते दिसले. परंतु पायरेथ्रॉइडच्या बाबतीत जे घडले, तेच येथेही घडले. फरक एवढाच की या वेळी इशारा आधीच दिलेला होता. बियाण्याच्या प्रत्येक पाकिटासोबत साध्या, बिगर-बीटी कापसाची १२० ग्रॅमची पुडी येत असे. ती शेताच्या कडेने पेरावी, त्या झाडांवर साध्या अळ्या वाढाव्यात, प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ होत राहावी, अशी ती योजना होती. बहुतेक शेतकऱ्यांनी ती पुडी फेकून दिली. कोणी पेरलेच, तर त्या बियाण्याचा दर्जा अनेकदा यथातथाच असे. बंधूंच्या दुकानात पायरीपाशी पडलेल्या अशा पुड्या मी स्वतः झाडून काढल्या आहेत. पुडी कशासाठी आहे, हे आम्ही गिऱ्हाइकाला कधी सांगितले नाही.

गुलाबी बोंडअळी

परिणामी जी कीड पूर्वी दुय्यम होती, ती पुढे आली. गुलाबी बोंडअळी, काही भागात तिला शेंदरी म्हणतात. हिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये झाले, तेही आपल्या भडोचच्या कापसावरील नमुन्यांवरून. म्हणजे ही आपल्या जुन्या ओळखीची. गुजरातच्या काही जिल्ह्यांत तिने पहिल्या बीटीला दाद देणे सोडल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. दोन जनुकांचे बियाणेही २०१४-१५ पर्यंत तेथे निष्प्रभ ठरले आणि २०१७ मध्ये आपल्या महाराष्ट्रावर ती आपत्ती कोसळली.

या अळीचा स्वभाव समजून घेतला तर तिच्यावरचा उपायही समजतो. पतंग रात्री फिरतो. मादी पात्या, फुले, कोवळी बोंडे यांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि लगेच बोंडात शिरते. शिरल्यावर छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, आत सरकी पोखरली जात असते. त्यानंतर कितीही महाग औषध फवारले, तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फुलात अळी असेल तर पाकळ्या गुंडाळून ते गुलाबाच्या कळीसारखे दिसते, त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. बोंड फुटते तेव्हा कापूस पिवळट, चिकटलेला निघतो. ती कवडी. कवडीची रुई किती भावाने जाते, हे येथील जिनिंगवाल्या बंधूंना मी सांगण्याची गरज नाही.

आता तिची दुर्बलता पाहा. हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवर जगते. गुलाबी अळीचा जीव मुख्यतः कापसावरच आहे. हंगाम संपला की ती सरकीत, उरलेल्या किडक्या बोंडांत, पऱ्हाटीच्या ढिगात सुप्तावस्थेत पडून राहते. पुढच्या कापसाला पात्या येईपर्यंत तिला खायला काही मिळाले नाही, तर तिची साखळी तुटते. म्हणून शास्त्रज्ञांचा आग्रह असा: पेरणी १ जूननंतरच करावी, १५०-१६० दिवसांत येणारे वाण घ्यावे, डिसेंबरअखेर शेत रिकामे करावे, शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या चारून उरलेली बोंडे संपवावीत, पऱ्हाटी उपटून तिचे कंपोस्ट करावे आणि फरदड घेऊ नये.

फरदड म्हणजे काय, हे तरुणांसाठी सांगतो. डिसेंबरनंतरही पाणी देऊन तेच पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे ठेवायचे आणि जास्तीचे एक-दोन क्विंटल पदरात पाडायचे. खर्च थोडा, म्हणून मोह मोठा. परंतु ते दोन क्विंटल म्हणजे अळीसाठी उन्हाळ्यापर्यंतचे अन्नछत्रच. मी एका जुन्या गिऱ्हाइकाला हे समजावू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "शेठजी, फरदड सोडतो. पण उन्हाळ्यात पोरीच्या लग्नाला पैसे लागतील, ते तुम्ही देता का? आणि मी एकट्याने सोडली तर शेजाऱ्याचे पतंग माझ्या बांधावर थांबतात का?" मी निरुत्तर झालो. त्याचे दोन्ही प्रश्न बरोबर होते. एकाच्या खात्यावरची बचत दुसऱ्याच्या खात्यावरच्या निष्काळजीपणाने बुडते. म्हणून हे काम एका शेताचे नाही. साऱ्या गावाचे आहे, आणि गावाचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचेही.

२०१७ ची दिवाळी

त्या वर्षी कापूस पुरुषभर वाढला होता. हवेत उकाडा आणि दमटपणा. दोन-तीन औषधे एकत्र करून, जोराच्या पंपाने, उघड्या अंगाने फवारणी चालली होती. झाड डोक्याएवढे असल्याने फवारा अंगावर येई. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांतले पुष्कळसे मजूर दुसऱ्याच्या शेतावर रोजाने फवारणी करणारे होते.

त्या दिवाळीच्या आधी एक शेतमजूर दुकानात आला. वर्षानुवर्षांचा गिऱ्हाईक. आठ दिवस रुग्णालयात काढून नुकताच घरी आलेला. मुलीच्या फ्रॉकचे कापड हवे होते. मी चार ताके समोर उलगडले. त्याने कापडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "शेठजी, रंग तुम्हीच सांगा. मला अजून धुरकट दिसते." मी रंग सांगितला. कापड फाडून दिले. पैसे घेण्याची हिंमत झाली नाही. त्याने फवारलेले औषध आमच्याच घरच्या दुकानातून गेलेले होते की नाही, हे मी वहीत पाहिले नाही. पाहायला हवे होते.

ज्यांनी करून दाखवले

मग याला पर्याय आहे काय? आहे, आणि तो कागदावरचा नाही.

आपल्या नांदेड जिल्ह्यातील आष्टा या गावी १९९८ च्या सुमारास राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना एकत्र करून कापसावर एकात्मिक पद्धत राबवली. कडेने मका-चवळीच्या ओळी, म्हणजे मित्रकीटकांना आसरा, किडीच्या अंड्यांवर वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या सूक्ष्म माशीची कार्डे, निंबोळी अर्क, आणि रासायनिक औषध गरज पडली तरच. फवारण्या घटल्या, पीक वाचले. तिकडे तेलंगणात, त्या वेळच्या खम्मम जिल्ह्यातील पुनुकुला गावाने रासायनिक कीटकनाशके पूर्णपणे सोडली आणि २००३-०४ च्या सुमारास तसे जाहीरही केले. कडुनिंब, मिरची-लसणाचा अर्क, कामगंध सापळे, पक्षिथांबे, सापळा पीक म्हणून एरंडी आणि झेंडू, एवढ्यावर त्यांनी कापूस घेतला. पुढे हीच पद्धत आंध्रमध्ये महिला बचत गटांच्या माध्यमातून अनेक गावांत पसरली.

अमेरिकेचे उदाहरणही बोलके आहे. गुलाबी अळी १९१७ मध्ये टेक्सासमध्ये प्रथम आढळली आणि शंभर वर्षे तिने तेथील शेतकऱ्यांना छळले. २०१८ मध्ये देशातील कापूस पट्ट्यातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. त्यांनीही बीटी वापरले, परंतु ॲरिझोनासारख्या राज्यात साध्या कापसाच्या ओळी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे नियमाने पेरल्या. हंगामाअखेर पऱ्हाटी गाडली. मादीच्या गंधाने नराला भुलवले. आणि प्रयोगशाळेत वाढवलेले वंध्य पतंग आकाशातून सोडले. बियाण्याचे तंत्र आपल्याकडेही होते. कमी पडली ती शिस्त, आणि ती एकाच वेळी सर्वांनी पाळण्याची तयारी.

आपल्या शेतकऱ्याला परवडेल असे त्यातले काय? पीक दीड महिन्याचे झाले की एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग आले, किंवा शेतातली वीस हिरवी बोंडे फोडून त्यांत दोन किडकी निघाली, तरच औषधाचा विचार करावा. याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर, होणारा तोटा खर्चाहून मोठा असल्याशिवाय खर्च करायचा नाही. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात. पाच किलो निंबोळीचा चुरा रात्रभर नऊ लिटर पाण्यात भिजवून सकाळी गाळावा, एक लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळावा आणि एकूण शंभर लिटर पाणी करून फवारावे. अळीची भूक मंदावते, मादी अंडी घालत नाही, आणि फवारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धुके येत नाही.

हीदेखील हिंसाच ना?

आता आपल्या मनात आलेल्या प्रश्नाकडे येतो. सापळ्यात पतंग मरतो, ट्रायकोग्रामा अंडी खाते, पक्षिथांब्यावरचा पक्षी अळ्या टिपतो. मग ही अहिंसक शेती कशी? ही शेती अहिंसक आहे, असा माझा दावा नाही. मी शास्त्राचा अभ्यासक नाही. याचा अंतिम निर्णय पूज्य साधू-साध्वीजींनी द्यावा. मला एवढेच समजते की श्रावकाच्या पहिल्या व्रतात संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे आणि आरंभातील हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, म्हणून ती कमी करीत राहण्याचा विवेक सांगितला आहे. सारे शिवार विषाने भिजवणे, ज्यात अळीसोबत मधमाशी, कोळी, गांडूळ, पाण्यातला मासा आणि फवारणारा माणूस यांचाही जीव जातो. आणि शेत वेळेवर रिकामे करून कीड वाढूच न देणे. या दोहोंत फार मोठे अंतर आहे. त्यातही मादीच्या गंधाची दोरी झाडाला बांधून नराला चकवण्याची पद्धत आता आपल्याकडे आली आहे. तीत पतंग मारला जात नाही, जोडी जुळत नाही म्हणून पुढची पिढी जन्मत नाही. आपल्या दृष्टीने ती विशेष विचार करण्यासारखी आहे.

आणि पंधरा कर्मादानांत 'विषवाणिज्य' हा शब्द आहे. प्रतिक्रमण करताना आपण तो उच्चारतो. मी कित्येक वर्षे तो उच्चारला आणि दुसऱ्या दिवशी बंधूंच्या दुकानाचे खाते लिहायला बसलो. येथे कृषी केंद्र चालवणारे बंधू बसले आहेत, त्यांना दुखवण्यासाठी मी हे बोलत नाही. ते केंद्र आज माझा पुतण्या चालवतो, तोही समोर बसला आहे. दुकान बंद कर, असे मी त्याला सांगू शकलो नाही. ज्या दुकानाने आमचे घर चालवले, त्याविषयी तसे बोलण्याचा अधिकार मला वाटला नाही. परंतु २०१८ पासून त्याने काही नियम केले. कामगंध सापळे आणि निंबोळी अर्क दर्शनी भागात ठेवायचे. दोन औषधे एकत्र मिसळण्याचा सल्ला द्यायचा नाही. सापळ्यात किती पतंग आले, हे विचारल्याशिवाय बोंडअळीचे औषध काढायचे नाही. बाटलीसोबत हातमोजे आणि तोंडावरचा मास्क द्यायचा. उलाढाल कमी झाली, हे मी लपवत नाही. काही गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेले. काही परत आले.

ट्रस्टपुढे नम्र विनंती

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने काय करावे, असे मला विचाराल तर चार गोष्टी सुचवतो.

पहिली, जिनिंग आणि तेलगिरणीच्या मालकांनी आपल्या आवारात कामगंध सापळे लावावेत, किडकी सरकी आणि कचरा उन्हाळ्यापर्यंत साचू देऊ नये. आपल्या आवारातून उडालेला पतंग कोणाच्या शेतात जातो, हे आपण पाहत नाही, पण तो जातो.

दुसरी, ट्रस्टने जवळचे एक गाव निवडावे आणि तेथील सर्व शेतकऱ्यांना दोन हंगाम पुरतील एवढे सापळे द्यावेत. अट एकच, साऱ्या गावाने डिसेंबरअखेर शेत रिकामे करावे. फरदडीमुळे बुडणाऱ्या उत्पन्नाची निकड ज्याला खरोखर आहे, त्याला रब्बी हरभऱ्याच्या बियाण्याची मदत व्हावी. त्या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून माझ्या दुकानातर्फे पहिल्या वर्षीच्या खर्चाचा चौथा हिस्सा मी आजच जाहीर करतो.

तिसरी, पावसाळ्याच्या तोंडावर कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो आणि तो सडून जातो. आपल्या युवक मंडळाने आणि महिला मंडळाने चातुर्मास सुरू होण्यापूर्वी तो गोळा करवून घ्यावा. मजूर स्त्रियांना रोज मिळेल आणि शेतकऱ्याला घरचे औषध मिळेल. त्याला मात्र औषध म्हणायला हरकत नाही.

चौथी, पर्युषणात आपण जे दान देतो, त्यातील काही भाग फवारणी करणाऱ्या मजुरांच्या संरक्षक साहित्यासाठी ठेवावा. त्या दिवसांत त्यांना त्याची सर्वाधिक गरज असते.

बंधू-भगिनींनो, वडील मला कापड मोजायला शिकवत तेव्हा सांगत की गज खरा धरावा, गिऱ्हाईक पाहत नसतानाही. कापसाच्या बाबतीत आपला गज दुकानाच्या उंबऱ्यापाशीच संपतो, असे मी इतकी वर्षे समजत होतो. तो शेताच्या बांधापर्यंत जातो, हे समजायला मला साठी ओलांडावी लागली. आपल्यातील तरुणांना ते आजच समजावे, एवढ्यासाठीच हा विषय या व्यासपीठावर आणला.

माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असेल, शास्त्राविरुद्ध काही बोललो गेलो असेन, तर मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.